नऊ केल्विनची साक्ष

१

पाहणीला आलेल्या समितीने आधी कांद्याच्या कचोऱ्या संपवल्या, मग हात पुसले आणि मग आकडा मागितला. शुक्रवारची दुपार होती. पीएचडी करणाऱ्या मैथिली इंगळेने पडद्यावर आकडा आणला आणि प्रयोगशाळेत अशी शांतता पसरली, की पंपाची घरघर तिथल्या जुन्या माणसांनाही नव्याने ऐकू आली.

आकड्याची भानगड साधी आहे. क्यूबिट नावाचं एक विसराळू सर्किट असतं. त्याला काही सांगितलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते विसरतं. ते किती वेळ आठवणीत धरून ठेवतं, तो हा आकडा. तो वाढावा म्हणून संस्थेच्या तळघरात एका मोठ्या भांड्यात अंतराळाहून जास्त थंडी राखलेली होती आणि वरच्या मजल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, कारकुनांना पंखा मिळत नव्हता. मैथिलीच्या चिपने गेल्या महिन्यात जुन्या विक्रमाच्या तिप्पट आकडा दाखवला होता. शुक्रवारी, पाहुण्यांसमोर, त्याच चिपने विक्रमाच्या दहाव्या हिश्शाइतकाही दाखवला नाही.

संध्याकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. दिनकर मोघे रसायनशास्त्राच्या शुभदा पारसनिसांच्या खोलीत येऊन बसले. दोघं पुण्यात एका वर्गात होते, जयपुरात एका संस्थेत होते आणि मराठी मंडळात एका गटात होते. शुभदाचे यजमान गेले तेव्हा हॉस्पिटलपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळं दिनकरनेच उरकलं होतं. मोघ्यांच्या घरात शिरताना शुभदाला बेल वाजवावी लागत नसे.

"पोरीने गेल्या महिन्याचा आकडा बनवला होता, शुभदा," दिनकर म्हणाला. "चिप पहिल्यापासून अशीच टाकाऊ. आज उघडं पडलं एवढंच. सोमवारी तिची पीएचडी रद्द करायचं ठरतंय. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर नको. डायरेक्टरांना मी तुझं नाव सुचवलंय. तू चौकशी कर."

"मी? मला तुमच्या त्या भांड्यातलं काय कळतं?"

"कळायचंय काय त्यात? माणसं बघ. तुझ्या शब्दाला इथे वजन आहे." त्याने चष्मा पुसला. "आणि माझं म्हणशील तर मी कशातच नव्हतो. बुधवारची अख्खी दुपार तर मंडळाच्या बैठकीत तुझ्याच शेजारी बसून कोजागिरीचं दूध आटवायचं की विकत आणायचं यावर भांडत होतो. शब्द फिरवू नकोस हां, साक्षीदार आहेस तू!"

दोघंही हसले. शुभदाने चौकशी घेतली. दिनकरला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

२

मैथिली शनिवारी सकाळी आली ती डोळे सुजवूनच.

"मॅडम, मी काऊन खोटा आकडा लिहीन? बाबा तिकडे अकोल्यात पेढे वाटून मोकळे झाले. आता पेढे परत मागू का लोकांकडून?"

"रडू नकोस. मला रसायनशास्त्रवाल्या बाईला समजेल असं सांग. तू वेगळं केलंस काय?"

मैथिलीने नाक पुसलं. सर्किट निओबियम धातूच्या पातळ थराचं असतं. त्याला हवा लागली की वर गंजासारखा ऑक्साइड चढतो आणि तोच क्यूबिटची आठवण खातो. मोघे सर तो आम्लाने धुतात. जगभर त्याला मोघे-धुलाई म्हणतात. ते आम्ल एकदा चहा पिताना शुभदानेच सुचवलं होतं आणि दिनकरच्या गाजलेल्या पेपरात अगदी शेवटच्या ओळीत तिचे आभारही होते.

"मी धुतच नाही, मॅडम. हवा लागायच्या आतच वर टँटलमचा पदर देते. गंज चढतच नाही."

"मग धुलाईचं काय?"

मैथिली टेबलाकडे बघत राहिली. "मग ती... लागत नाही."

शुभदाने विषय बदलला. "बरं. आकडा खरा होता, तर पडला कशाने?"

"चुंबकाने पडू शकतो. निओबियम नऊ केल्विनच्या, म्हणजे उणे दोनशे चौसष्ट अंशांच्या, खाली गेलं की अतिवाहक होतं. विजेला अडवत नाही आणि चुंबकाला आत घेत नाही. पण नऊ ओलांडताना जवळ चुंबक असला, तर त्याचा जोर थरात अडकून बसतो. मग चुंबक उचलून नेला तरी तो आतच. आणि तो क्यूबिटची आठवण कुरतडत राहतो."

"म्हणजे थंड होताना शेजारी कोण होतं ते धातूच्या लक्षात राहतं."

"हो ना. पण चुंबक येईल कुठून? दारातच ट्रे आहे. किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, सगळं बाहेर. मागे एका पाहुण्यांचा बेल्ट काढून घेतला, ते बिचारे पँट धरून फिरले. भांड्याभोवती चुंबकाला अडवणारी ढाल आहे, फक्त खालून तारांसाठी एक भोक आहे. आमचा बाप्पासुद्धा पितळी आहे, मॅडम. लोखंडी देवाला आत मनाई."

बाप्पा ही त्या प्रयोगशाळेची जुनी रीत. भांडं थंड करायला घेतलं, की त्याच्या बरोबर खाली लाकडी स्टुलावर वीतभर उंचीचा पितळी गणपती बसायचा आणि थंडी पूर्ण झाल्याशिवाय उठायचा नाही. परदेशी पाहुणे त्याचे फोटो काढत. भारतीय पाहुणे आधी नमस्कार करत आणि मग, आपला यावर विश्वास नाही, असं सांगत.

"या खेपेला तर सरांनी स्वतः घरी नेऊन चिंचेने घासून आणला," मैथिली म्हणाली. "नुसता लखलखत होता. तरी असं झालं."

"चुंबकाची खात्री करून घेता येते का?"

"येते. नऊच्या वर थोडी ऊब द्यायची आणि चुंबकाशिवाय पुन्हा थंड करायचं. ऊब मिळाली की धातू सगळं विसरतो. आकडा परत आला तर चिप चांगली आणि मी खरी."

"मग हे अजून केलं का नाहीस?"

"सरांनी भांड्याला हात लावू दिला नाही, मॅडम. म्हणाले, पुरावा आहे."

३

परीक्षित गद्रे हा प्रयोगशाळेतला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेला संशोधक. त्याचे आजोबा रेल्वेत होते म्हणून हे घराणं जयपूरच्या बनी पार्कात रुजलं. परीक्षितचं मराठी घरात आजीपुरतं राहिलं होतं. शुभदाने त्याला मालवीय नगरात चहाच्या दुकानात गाठलं, कारण संस्थेत भिंतींना कान होते आणि कँटीनमध्ये चहा नव्हता.

"तू बंगळुरूला निघालास म्हणे. कंपनीत."

परीक्षितचा कप हवेतच थांबला. "मतलब, मॅडम... मी सांगणारच होता."

"कोणाला?"

"सबको. टाइम बघून."

"मैथिलीची चिप कंपनीला आवडली असती, नाही? आणि इथे ती खोटी ठरली, तर तिथे ती कोणाची म्हणून खरी ठरवायची, हे तुझ्या हातात."

"मॅडमजी, आईची शपथ!" शेजारच्या टेबलावरच्या कोचिंग क्लासच्या मुलींनी वळून पाहिलं. त्याने आवाज उतरवला. "मी तर मैथिलीला पण घेऊन जाणार होता तिकडे. तिने मना केला. बोलली, सरांना धोका नाही देणार."

हे वाक्य शुभदाला लागलं. का, ते तिला लगेच कळलं नाही.

"भांडं थंड होताना तिथे कोण असतं?"

"जरूरत नाही कोणाची. एकदा स्टार्ट केला की दीड-दोन दिवस आपोआप चालतो." त्याने मोबाइलवर एक उतरती रेघ दाखवली. "हे बघा टेम्परेचर. मंगळवारी सकाळी सरांनी बाप्पा ठेवला, स्टार्ट केला. आणि हे नऊ केल्विन. बुधवार, दुपार."

"त्या वेळी आत कोण होतं?"

परीक्षितचा चेहरा उतरला. "मी. आणि मैथिली. बस."

"आता सरळ संस्थेत चल. दोघं मिळून भांड्याला ऊब द्या आणि पुन्हा थंड करा."

"पण मोघे सर बोलले की..."

"चौकशी कोणाकडे आहे?"

"तुमच्याकडे."

"मग सर काय बोलले ते मला सांगू नकोस, मी त्यांना सांगेन."

पण तिने दिनकरला फोन केला नाही. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. चौकशी करणाऱ्याने आधी कुणाला सांगू नये, असं तिने स्वतःला समजावलं. कारण चांगलं होतं. खरं होतं की नाही, ते तिने तपासलं नाही.

४

रविवारी दुपारी तिघं पडद्यासमोर बसले होते. थोडीच ऊब द्यायची असल्यामुळे काम रातोरात झालं होतं. भांड्याखालचं स्टूल रिकामं होतं.

"बाप्पा कुठे?" शुभदाने विचारलं.

"सरांच्या केबिनमध्ये," मैथिली म्हणाली. "गुरुवारी थंडी पूर्ण झाली तशी त्यांनीच उचलून नेला. केबिनला कुलूप आहे. बाप्पाशिवायच सुरू केलं मग."

"आज देवाला रविवारची सुट्टी," शुभदा म्हणाली. कुणी हसलं नाही.

मैथिलीने कळ दाबली. पडद्यावर ठिपके उमटू लागले आणि त्यांतून एक रेघ तयार झाली. ती उतरत होती, पण सावकाश, जेवण झाल्यावर माणूस जिना उतरतो तशी. आकडा आला. गेल्या महिन्याचाच. तिप्पट.

मैथिली दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. परीक्षित टाळी वाजवायला उठला आणि अर्ध्यातच थांबला, कारण त्याच वेळी मैथिलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं.

"म्हणजे चुंबक होता," ती हळू आवाजात म्हणाली. "बुधवारी. आणि इथे तू होतास."

"तू पण होतीस!"

"मी माझीच चिप मारीन?"

"मग मी मारीन? मीच तर सगळ्यांना सांगत होता की चिप खरी..."

"भांडू नका," शुभदा म्हणाली.

परीक्षित धपकन खुर्चीत बसला. "कमाल आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाप्पाशिवाय थंड केला, आणि आकडा वापस आला."

शुभदा मात्र रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. वर ढाल, ढालीला खाली भोक, भोकाखाली स्टूल. ट्रेमध्ये सगळ्यांच्या किल्ल्या निघत होत्या, बेल्ट निघत होते. देवाची झडती कुणी घेत नव्हतं. पितळी मूर्ती खालून पोकळ असते.

आणि मग तिला ते वाक्य आठवलं. बुधवारची अख्खी दुपार तर तुझ्याच शेजारी होतो.

दिनकरचं म्हणणं होतं की आकडा गेल्या महिन्यात बनवला. ते खरं असतं, तर बुधवारी काही घडलंच नव्हतं. कुणी कुठे असला काय, नसला काय. शुक्रवारी संध्याकाळी सगळं जग शुक्रवारबद्दल बोलत होतं. न विचारता बुधवारची साक्ष काढणारा माणूस एकच होता. बुधवारी दुपारी नऊ केल्विन ओलांडले गेले, आणि तीच वेळ मोलाची आहे, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

त्या बैठकीला यायला शुभदा तयार नव्हती, हेही तिला आठवलं. दिनकरने दोनदा फोन करून बोलावलं होतं. तिच्याशिवाय दुधाचा प्रश्न सुटणार नाही म्हणाला होता.

तिने पर्स उचलली.

"कुठे निघालात, मॅडम?"

"सुधाकडे. चहाला."

५

दिनकरची बायको सुधा दारात पडद्यांचा ढीग घेऊन बसली होती. दिवाळी तोंडावर होती आणि शिंप्याने तिला यंदा दगा दिला होता.

"ये गं. हे वर झोपलेत. उठवू?"

"झोपू दे. तुझ्याकडे चिंच आहे का? घरची समई घासायचीय. दिनकरने बाप्पा काय चकचकीत घासून आणलाय म्हणे."

सुधा हसत सुटली. "यांनी? अगं, स्वतः प्यायलेला कप उचलून मोरीत ठेवला तर मी पेढे वाटीन. तो मीच घासला. हे नुसते बाप्पाला उलटा धरून बसले होते सोमवारभर. मेणबत्ती काय, चमचा काय. म्हटलं, देवावर शस्त्रक्रिया चाललीय का?"

"काय म्हणाला?"

"प्रयोगाचं आहे म्हणाले. या घरात मला कळू नये असं काही असलं, की ते प्रयोगाचं असतं." तिने सुईत दोरा ओवला. "तेवढ्यासाठी माझ्या लेकाचा, मिहीरचा, जुना कॉम्प्युटर फोडला. त्यातून ते काढलं, काय ते... पण एक बरं झालं, गुरुवारी घरी आणलं तशी मी ढापलं. टाचण्या उचलायला काय झकास आहे! बघ."

तिने शिवणाचा डबा पुढे सरकवला. डब्यात एक वाकडा चपटा तुकडा होता. त्याला सुया, टाचण्या आणि एक हूक साळिंदरासारखे चिकटले होते. शुभदाने टाचण्या एकेक करून काढल्या. खाली हार्ड डिस्कमधला चुंबक निघाला. त्याच्या एका बाजूला मेणाचा थर होता. मेणात पूजेचं कुंकू मुरलं होतं.

शुभदाने तो उलटसुलट करून पाहिला. सुधाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चुंबकाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. हातातला पडदा तिने बाजूला ठेवला.

"शुभदा, काय केलंय यांनी?"

जिन्यावर पावलं वाजली.

६

दिनकर खाली आला, त्याने दोघींच्या मध्ये पडलेला चुंबक पाहिला आणि तो चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

"आकडा परत आला, दिनकर," शुभदा म्हणाली. "तिप्पट."

"मी भांड्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

"हो. पुराव्याची तुझ्याइतकी काळजी कुणीच घेतली नाही."

तो खुर्चीत बसला. नाकारण्याचा एक प्रयत्न त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण चुंबकावर कुंकू होतं आणि समोर सुधा होती.

"तुला काय वाटतं, मला आनंद झाला?" तो म्हणाला. "धुलाईवर माझी सगळी हयात गेली, शुभदा. जग माझ्या नावाने धातू धुतं. आणि एक पोरगी येते, धातूला पदर देते आणि म्हणते, धुवायची गरजच नव्हती. समितीसमोर! मला फक्त थोडा वेळ हवा होता."

"वेळ हवा होता तर चिप थंड करायचं लांबवायचं होतं. तू तिला खोटारडी ठरवलंस. ती तुला धोका द्यायचा नाही म्हणून बंगळुरूची नोकरी नाकारून बसलीय."

हे त्याला माहीत नव्हतं.

"तुझंही नाव आहे त्या पेपरात. ते आम्ल तुझं होतं."

"आभारात आहे. शेवटच्या ओळीत. त्या ओळीपर्यंत कुणी वाचत नाही." शुभदाला आपला आवाज अनोळखी वाटला. "एकच सांग. चौकशीला संस्थेत माणसं कमी नव्हती. मलाच का?"

"तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

"आणि?"

दिनकर खिडकीबाहेर बघू लागला. तिथे कुणी तरी पाण्याचा टँकर मागे घेत होतं.

"आणि तू केमिस्ट्रीची. मला वाटलं, तुला यातलं काही कळणार नाही. कळलं तरी..."

"तरी?"

"तरी तू माझं ऐकशील. नेहमी ऐकत आलीस."

इतक्या वर्षांच्या मैत्रीचा हिशोब त्याने दोन वाक्यांत, आवाज न चढवता सांगितला होता. हॉस्पिटलचे दिवस, दाखले, न वाजवलेली बेल. शुभदाला वाटलं होतं की ते सगळं आपण माणूस म्हणून मिळवलं. त्याच्या लेखी ती वापरायला सोपी होती. ती कधी थंड झाली आणि तेव्हा शेजारी कोण होतं, हे त्याने बरोबर लक्षात ठेवलं होतं.

ती चुंबकाला हात लावणार, तोच सुधाने तो उचलला आणि शुभदाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

"घेऊन जा," सुधा म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. "टाचण्या मी हाताने वेचीन."

७

सोमवारी शुभदाने चुंबक डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्याने लगेच त्यांचा लोखंडी पेपरवेट, दोन क्लिपा आणि घंटेचं बटण गोळा केलं, त्यामुळे डायरेक्टरांना पुरावा समजायला वेळ लागला नाही. मैथिलीची पीएचडी राहिली. दिनकर मोघे प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर गेले. संस्थेने, असले प्रकार पुन्हा होऊ नयेत म्हणून, एक समिती नेमली, आणि समितीने पहिल्या बैठकीत प्रयोगशाळेच्या दारातला ट्रे मोठा करावा अशी शिफारस केली.

मोघ्यांच्या घरी शुभदा त्यानंतर एकदाच गेली, सुधाला भेटायला. तिने बेल वाजवली.

दिवाळीनंतर मैथिलीने नवी चिप बसवली. परीक्षितने बंगळुरूची तारीख पुढे ढकलली होती. कारण विचारलं तर म्हणायचा, "मतलब, असंच." दोघांनी शुभदाला बोलावून घेतलं. केबिनचं कुलूप उघडलं होतं आणि पितळी बाप्पा स्टुलाशेजारी वाट बघत होता.

"मॅडम, या खेपेला तुम्हीच ठेवा ना," मैथिली म्हणाली. "आम्हाला बरं वाटेल."

शुभदाने पदर खोचला, मूर्ती दोन्ही हातांत घेतली आणि थांबली. लहानपणापासून तिने कुठल्या देवाला असं केलं नव्हतं. तिने बाप्पाला उलटा धरला, दिव्याखाली नेला आणि त्याच्या पोकळ पोटात नीट डोकावून पाहिलं. कडेला मेणाचा एक ओघळ राहिला होता. तो तिने नखाने खरवडून काढला, पुन्हा पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.



मग तिने बाप्पाला स्टुलावर बसवलं, सरळ केलं आणि हात जोडले.

"करा सुरू," ती म्हणाली.